यंत्राला निरोप कसा द्यावा?

शाळेतील एखादे शिक्षक निवृत्त झाले की निरोपसमारंभ होतो. शाल-श्रीफळ दिले जाते, चार भाषणे होतात, जुने विद्यार्थी आवर्जून येतात. पण एखादे यंत्र निवृत्त झाले, तर त्याला निरोप द्यायला कोणी येईल काय? "लोखंडाला कसला निरोप? भंगारवाल्याला बोलवा आणि मोकळे व्हा," असे तुम्ही म्हणाल. मला मात्र वाटते की यंत्राला निरोप देणे हे शहाणपणाचे आणि विज्ञानाला धरून असलेले काम आहे. कसे, ते एका उदाहरणावरून पाहू.

अमेरिकेच्या ओहायो राज्यात सिनसिनाटी शहराजवळ किंग्ज आयलंड नावाचे मोठे करमणूक उद्यान आहे. तेथे 'व्हॉर्टेक्स', म्हणजे भोवरा, या नावाचे रोलर कोस्टर होते. रोलर कोस्टर म्हणजे आपल्या जत्रेतील आकाशपाळण्याचा थोरला भाऊच म्हणा ना! डब्यांची छोटी गाडी साखळीने उंच चढावर ओढून नेतात आणि तेथून सोडून देतात. पुढे इंजिन नाही, मोटार नाही. उंचीमुळे मिळालेली स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलत जाते आणि तिच्याच जोरावर गाडी वळणे घेते, उलटीसुलटी होते आणि शेवटी स्थानकात परत येते. व्हॉर्टेक्सची उंची १४८ फूट, म्हणजे सुमारे ४५ मीटर होती. मार्गाची लांबी ३,८०० फूट, म्हणजे एक किलोमीटरपेक्षा थोडी अधिक. १९८७ साली ते सुरू झाले, तेव्हा एकाच फेरीत प्रवाशांना सहा वेळा उलटे करणारे ते जगातील पहिलेच रोलर कोस्टर होते.

सप्टेंबर २०१९ मध्ये उद्यानाने जाहीर केले की व्हॉर्टेक्सच्या सेवेचे आयुष्य संपले आहे आणि २७ ऑक्टोबर हा त्याचा शेवटचा दिवस असेल. तो रविवार होता आणि आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. तिकडे व्हॉर्टेक्सची चाहती मंडळी शेवटची फेरी मारण्यासाठी रांगा लावून उभी होती. लहानपणी त्यात बसलेले लोक आता आपल्या मुलांना घेऊन आले होते. असे हौशी लोक तिकडे पुष्कळ आहेत. १९७८ सालापासून त्यांची 'अमेरिकन कोस्टर एन्थुझिअॅस्ट्स' नावाची एक संघटनाही आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धडधाकट दिसणारे आणि त्या दिवसापर्यंत रोज धावणारे यंत्र 'आयुष्य संपले' म्हणून का थांबवायचे? लोखंडाला म्हातारपण येते काय?

येते. मात्र ते वर्षांनी मोजायचे नसते. एक तार हातात घ्या आणि एकाच ठिकाणी पुढे-मागे वाकवत राहा. पहिल्या वाकवण्याने ती तुटत नाही, दुसऱ्याने नाही, दहाव्यानेही कदाचित नाही. पण पुढे केव्हातरी ती अचानक तुटते. एकदाच सहज सोसता येणारा भार धातूवर पुन्हा पुन्हा पडला, तर त्यात सूक्ष्म चीर पडते, ती वाढत जाते आणि शेवटी धातू तुटतो. याला धातूचा शिणवटा म्हणतात.

हा धडा जगाला फार मोठी किंमत मोजून मिळाला. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. जो आस रोज चालत होता, तो त्याच दिवशी का मोडावा? पुढे ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने आगगाडीच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. आसावर किती भार पडतो एवढेच पाहणे पुरेसे नाही, तो किती वेळा पडतो हेही मोजले पाहिजे, असे त्याने दाखवून दिले.

तेव्हा आपणही व्हॉर्टेक्सचे वय मोजून पाहू. वही-पेन्सिल घ्या. त्याने आपल्या आयुष्यात सुमारे ४ कोटी ६० लाख प्रवाशांना फेरी घडवली, असे उद्यानाने सांगितले होते. एका गाडीला सात डबे आणि एका डब्यात चार माणसे, म्हणजे एका गाडीत २८ प्रवासी. प्रत्येक गाडी पूर्ण भरलेली होती असे धरले, तरी गाडीच्या फेऱ्या सुमारे १६ लाख ४० हजार होतात. प्रत्येक फेरीत सात डबे एकामागून एक त्याच रुळावरून जातात. म्हणजे रुळाच्या कोणत्याही एका जागेवरून डबा जाण्याची वेळ निदान १ कोटी १५ लाख वेळा आली. काही गाड्या अर्ध्या रिकाम्या गेल्या असणार, काही चाचणीसाठी साफ रिकाम्या धावल्या असणार. म्हणून खरा आकडा याहून मोठाच असेल.

उभ्या वर्तुळाच्या तळाशी काय होते, हे तुम्ही वर्तुळाकार गतीच्या धड्यात शिकला असाल. तेथे रुळाला डब्याचे वजन पेलावे लागते आणि शिवाय केंद्राकडे जाणारे त्वरण देण्यासाठी जास्तीचा रेटाही द्यावा लागतो. अशा जागी प्रवाशाला आपले वजन तीन-चार पट झाल्यासारखे वाटते. हा रेटा रुळाने कोटीहून अधिक वेळा सोसला. प्रयोगशाळेत पोलादाच्या शिणवट्याची चाचणी घेतात, तीही साधारणपणे एक कोटी आवर्तनांपर्यंत. आता याचा अर्थ कोटीचा आकडा ओलांडताच पोलाद मोडते, असा मात्र नाही. भार किती, वेल्डिंगचे जोड कसे, गंज किती चढला, यावर पुष्कळ अवलंबून असते. पण रूळ, जोड, खांब आणि चाके यांची तपासणी दर हंगामात अधिक बारकाईने करावी लागते, दुरुस्ती वाढते आणि एक वेळ अशी येते की आता थांबलेले बरे.

वर्षे मोजावीत की आवर्तने, याबद्दल अजून शंका असेल तर विमानाचे एक उदाहरण घ्या. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांच्या आकाशात अलोहा एअरलाइन्सच्या एका विमानाच्या छताचा मोठा भाग उडून गेला. एका हवाई सेविकेचा त्यात मृत्यू झाला. वैमानिकांनी शर्थ करून विमान उतरवले आणि बाकीच्या ९४ जणांचे प्राण वाचले. विमान १९ वर्षांचे होते, पण त्याची उड्डाणे झाली होती ८९,६८०! बेटाबेटांमधील छोट्या फेऱ्या असल्याने दर फेरीला त्याची कवचासारखी काया आतील हवेच्या दाबाने फुगत होती आणि पुन्हा पूर्ववत होत होती. त्यातच समुद्रावरच्या खाऱ्या हवेने झालेल्या गंजाची भर. लांब पल्ल्याच्या विमानाला तेवढ्याच वर्षांत याच्या कितीतरी कमी फेऱ्या पडतात.

हे सारे लक्षात घेतले की माझा पहिला मुद्दा स्पष्ट होतो. यंत्र मोडण्याच्या आधी, चालू स्थितीत निवृत्त करणे यात पराभव मुळीच नाही. ते अभियंत्यांचे यश आहे. "आणखी एक हंगाम चालू द्या हो!" असे चाहत्यांना वाटणे साहजिक आहे. पण प्रेमाने धातूतील चीर बुजत नाही. म्हणून निरोपाला जरूर जमावे, मात्र निरोप पुढे ढकलण्याचा हट्ट धरू नये.

यावर कोणी विचारील, मग जुने काहीच राखायचे नाही काय? तसे नाही. पेनसिल्व्हानिया राज्यात अल्टूना येथे 'लीप-द-डिप्स' नावाचे १९०२ सालचे लाकडी रोलर कोस्टर आहे. ते १९८५ साली बंद पडले होते. दुरुस्तीनंतर १९९९ साली ते पुन्हा सुरू झाले. त्याची उंची अवघी ४१ फूट आणि वेगही बेताचा. शिवाय लाकडी सांगाड्याची एक फळी कुजली तर तेवढीच काढून नवी बसवता येते. थोडक्यात, काय राखता येईल आणि काय थांबवावे हे केवळ आवडीवर ठरत नाही. ते पदार्थ, भार आणि रचना यांवर ठरते.

माझा दुसरा मुद्दा उलट बाजूचा आहे. निवृत्ती आवश्यक असली तरी ती गुपचूप उरकू नये. न्यू जर्सी राज्यातील 'किंगडा का' हे रोलर कोस्टर २००५ साली सुरू झाले, तेव्हा ते जगात सर्वांत उंच होते. उंची ४५६ फूट, म्हणजे १३९ मीटर, आणि वेग ताशी २०६ किलोमीटर. १० नोव्हेंबर २०२४ रोजी ते शेवटचे धावले, पण ती शेवटची फेरी आहे हे प्रवाशांना ठाऊकच नव्हते. चार दिवसांनी उद्यानाने ते कायमचे बंद केल्याचे जाहीर केले आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरुंग लावून ते पाडले. चाहते हळहळले. ती हळहळ मला पोरकट वाटत नाही.

कारण असे की, शेवटचा दिवस ठाऊक असला म्हणजे माणसे डोळे उघडे ठेवून येतात. कोणी छायाचित्रे काढतो, कोणी वेळ मोजतो, कोणी चाकांचा आवाज ध्वनिमुद्रित करतो, कोणी बांधणीचे बारकावे टिपून ठेवतो. हौशी मंडळी म्हणजे यंत्राचे बिनपगारी इतिहासकारच. उद्यानाला अशा दिवशी चार तिकिटे जास्त खपवायची असतात, हेही खरे. असेनात का! त्या निमित्ताने यंत्राची नोंद राहते, हे महत्त्वाचे.

आणि नोंद केवळ यशस्वी यंत्राचीच राहावी असेही नाही. व्हॉर्टेक्सच्या जागी पूर्वी 'द बॅट', म्हणजे वटवाघूळ, नावाचे रोलर कोस्टर होते. १९८१ साली सुरू झालेल्या या यंत्रात डबे रुळाखाली लटकत आणि वळणावर झोके घेत. पण वळणावर रूळ हवे तसे तिरपे ठेवलेले नव्हते. त्यामुळे रूळ आणि डबे यांवर भलताच ताण पडे, यंत्र वारंवार बंद राही. १९८३ नंतर ते पुन्हा चाललेच नाही. त्याच कंपनीने पुढे रूळ तिरपे ठेवून तशाच प्रकारचे 'बिग बॅड वुल्फ' व्हर्जिनिया राज्यात उभारले, ते १९८४ पासून २००९ पर्यंत चालले. फसलेल्या यंत्रात काय चुकले ते नीट समजून घेतले, म्हणून पुढचे यंत्र पंचवीस वर्षे टिकले. आणि गंमत पाहा, बॅटचे स्थानक तसेच राहिले आणि त्याच स्थानकातून पुढे व्हॉर्टेक्सच्या गाड्या सुटत राहिल्या!

आपल्याकडे असे काही होते काय? क्वचित होते. १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत बेस्टची शेवटची डिझेलवर चालणारी दुमजली बस धावली, तेव्हा बसप्रेमी मंडळींनी तिला फुलांनी सजवून निरोप दिला. १९३७ पासून मुंबईकरांच्या सवयीची असलेली ही बस तशी निरोपाला पात्रच होती. एरवी मात्र आपली रीत वेगळी. खंडेनवमीला आपण यंत्राला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो. पण तेच यंत्र भंगारात निघाले की त्याने किती वर्षे, किती काम केले, हे विचारायला कोणी थांबत नाही. पूजा करतो आणि नोंद ठेवत नाही, ही आपली जुनी खोड आहे.

ती मोडण्याचे काम तुम्ही शाळेत करू शकाल. प्रयोगशाळेतील जुना तराजू, गावातील पिठाची गिरणी, विहिरीवरचे डिझेल इंजिन, यांपैकी काही निकालात निघणार असेल तर आधी त्याच्याकडे जा. त्याची मापे घ्या, आकृती काढा, चालवणाऱ्या माणसाला त्याच्या खोड्या विचारा. ते दिवसाला किती वेळा फिरले याचा अंदाज करून आयुष्यभराची आवर्तने मोजा. शिक्षकांनाही माझी विनंती आहे की अशी एक नोंद प्रकल्प म्हणून अवश्य स्वीकारावी. त्यात पदार्थविज्ञान आहे, गणित आहे आणि इतिहासही आहे.

यंत्राला शाल-श्रीफळ नको. त्याच्या कामाचा खरा हिशेब लिहून ठेवणे हाच त्याचा सत्कार, आणि वेळेवर त्याला थांबवणे हा त्याच्यात बसणाऱ्या माणसांचा.