नवे घड्याळ घ्यावे का?

बाजारात नवे महागडे घड्याळ आले की मन तिकडे ओढ घेते. ते लगेच घ्यावे का? माझ्या मते, आधी थोडा विचार करावा.

जपानमधील एक उदाहरण पाहा. २५ डिसेंबर १९६९ रोजी सीको कंपनीने 'ॲस्ट्रॉन' हे सोन्याचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. ते किल्लीवर नव्हे, तर बॅटरीवर चालत असे. महिन्याभरात ते फार तर ५ सेकंद मागेपुढे होई. त्याची किंमत होती ४,५०,००० येन! तेवढ्या पैशांत तेव्हा तिथे एक छोटी मोटार मिळत असे.

आज बॅटरीचे साधे घड्याळ काहीशे रुपयांत मिळते आणि वेळ चांगली दाखवते. उलट अनेक महागडी घड्याळे अजून स्प्रिंगवरच चालतात. स्वित्झर्लंडमधील प्रसिद्ध कसोटीत अशा घड्याळाला दिवसाला ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे जाण्याची सूट असते. म्हणजे जास्त पैसे वेळेसाठी नव्हे, तर सोने, कारागिरी आणि नाव यांसाठी द्यावे लागतात.

कारागिरीला मोल असतेच. ती आवडत असेल आणि घरखर्च भागून पैसे उरत असतील, तर घड्याळ जरूर घ्यावे. पण लोकांनी आपले मनगट पाहावे म्हणून कर्ज काढू नये. कर्जाचे हप्ते घरातील सर्वांना सोसावे लागतात. शाळेची घंटा मात्र सर्वांसाठी एकाच वेळी होते.