तू कोणाची गं?

मैत्रिणींनो, परवा चतुर्थीला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो आणि गर्दीत सासूबाईंचा हात सुटला. अर्ध्या तासाने सापडल्या त्या एका हारवालीजवळ. तिने पाणी पाजून त्यांना शेजारी बसवलं होतं. मी मात्र ओरडलेच, "किती वेळा सांगायचं!"

रात्री सुमित्रा भावे यांचा 'अस्तु' आठवला. संस्कृतचे पंडित, सारं विसरत चाललेले, हत्तीच्या मागे निघून जातात. माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. ओळख नाही, भाषाही वेगळी!

भावेबाई (१९४३–२०२१) पुण्याच्या, समाजकार्य शिकवणाऱ्या. सिनेमाचं शिक्षण नव्हतं. वस्तीतल्या बायकांचं जगणं समजून घेता घेता, चाळिशी उलटल्यावर, १९८५ साली 'बाई' हा पहिला लघुपट केला. पुढे सुनील सुकथनकरांच्या जोडीने 'दोघी', 'देवराई', 'कासव'. 'कासव'ला २०१७ साली सुवर्णकमळ मिळालं. मला मोठं वाटतं ते मात्र त्यांचं ऐकून घेणं.

तुमच्याही घरी असं माणूस असेल तर 'वयच झालं' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. पोलक्याला, सदऱ्याला आतून नाव-पत्त्याची पट्टी शिवा. आणि तीच गोष्ट पाचव्यांदा विचारली तरी शांतपणे सांगा. आपल्याला पाचवी वेळ, त्यांना पहिलीच असते.

आज सकाळी सासूबाईंनी विचारलं, "तू कोणाची गं?"

म्हटलं, "तुमचीच!" हसल्या, आणि चहा प्यायल्या.