करून पाहा : फेसाची परीक्षा



लालबागच्या एका चाळीत परवा आजी-नातीची चांगलीच जुंपली. आजीने शिकेकाई उकळत ठेवली होती. नात म्हणाली, "आजी, तुझ्या पाण्याला फेसच येत नाही. मळ निघणार कसा? मला आपला बाटलीतला शॅम्पू दे." आजी म्हणाली, "अगं, सत्तरी उलटली माझी, वेणी बघ केवढी आहे!"

बरोबर कोण? भांडून ते कळणार नाही. म्हणून आम्ही दादरला काष्ठौषधीच्या दुकानातून शिकेकाई नि रिठे आणले आणि कामाला लागलो. तुम्हीही लागा.

रिठ्याची बी काढून टाका, टरफलं कुटा. रिठा आणि शिकेकाईची पूड प्रत्येकी एक चमचा घेऊन वेगवेगळ्या कपभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मोठ्या माणसांना सोबत घेऊन दहा मिनिटं उकळा नि फडक्यातून गाळा. आटलेलं पाणी घालून पुन्हा कपभर करा. तिसऱ्या कपभर पाण्यात एक चमचा शॅम्पू मिसळा, चौथ्यात अंगाच्या साबणाचा चमचाभर कीस.

परीक्षा पहिली : फेस. सारख्या बाटल्यांत सारखं पाणी घ्या. प्रत्येक बाटली दहा वेळा हलवा आणि पट्टीने फेसाची उंची मोजा. आमच्याकडे शॅम्पू पहिला, शिकेकाई शेवटची. नात खूश!

पण थांबा. शिकेकाई आणि रिठ्यात 'सॅपोनिन' नावाचे पदार्थ असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. म्हणून तेलकट मळ पाण्याबरोबर निघून जातो. रिठ्याच्या झाडाच्या शास्त्रीय नावाचा, 'सॅपिंडस'चा, अर्थच मुळी 'भारतीय साबण'! फेस होतो तोही याच रेणूंमुळे. पण फेस जास्त म्हणजे सफाई जास्त, असं काही नाही. मग सफाई तपासायची कशी?

परीक्षा दुसरी : तेल. कंगव्यातल्या गुंतवळाचे चार सारखे पुंजके करा. प्रत्येकाला दोन-दोन थेंब खोबरेल लावा, एकेका पाण्यात धुवा, वाळवा आणि कागदावर दाबा. शॅम्पूच्या पुंजक्याचा डागच पडला नाही. शिकेकाईचा पुसट पडला, पण दुसऱ्यांदा धुतल्यावर तोही गेला.

परीक्षा तिसरी : हळद. हळदीचं पाणी लावून वाळवलेल्या कागदावर एकेक थेंब टाका. साबणाचा डाग लाल झाला, कारण साबण आम्लारी असतो. बाकीचे पिवळेच राहिले. आपल्या डोक्याची त्वचा किंचित आम्लधर्मी असते. आम्लारी पाण्याने केस फुगतात, त्यांच्यावरचे बारीक खवले उचलले जातात आणि केस राठ लागतात. आजी हसली!

परीक्षा चौथी : शाई. चित्रकलेच्या काळ्या शाईचा एक थेंब टाकून बाटली हलवा. शाई फेसात चढली तर गुण कमी, कारण फेसातला मळ पुन्हा केसांवरच बसायचा. ती खालच्या पाण्यात राहिली तर उत्तम. प्रयोगशाळेतही शॅम्पूची परीक्षा अशी करतात. १९३३ साली सुरू झालेल्या यूडीसीटीत, म्हणजे माटुंग्याच्या आजच्या आयसीटीत, तेलं आणि साबणासारख्या पदार्थांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभागच आहे.

शेवटी चारही बाटल्या तशाच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी शिकेकाईच्या पाण्याला आंबूस वास सुटला. शॅम्पू जसाच्या तसा! कारण तो टिकावा म्हणून त्यात परिरक्षक घातलेले असतात. बाटलीवर पानाफुलांचं चित्र असलं, तरी मागची बारीक अक्षरंही वाचा.

आणि वनस्पतीचं म्हणजे निर्धोकच, असंही समजू नका. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर भयंकर झोंबतं. नवीन काही डोक्याला लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहा. खाज सुटली किंवा लाल झालं, तर नको.

आता निकाल. आजीची शिकेकाई तेल काढते, पण सावकाश, आणि रोज ताजी करावी लागते. नातीचा शॅम्पू पटकन काम करतो, पण ते नुसत्या फेसाच्या जोरावर नव्हे. नातीने आता नवा प्रयोग मांडलाय : शिकेकाई दोन चमचे, रिठा एक. बाकी सगळं तेच ठेवायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आजीने कपाटातली मोजपट्टी काढून दिली आहे.

तुमच्या वहीत काय आकडे आले?