बोलती बंद

आषाढातला रविवार. लोणावळ्याहून भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग जागची हलत नाही, आणि त्या रांगेच्या कडेला शेगडीवर कणसं भाजणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या पोराचं तोंड क्षणभर थांबत नाही. "ताई, कवळं देऊ का निबार?" मुंबईच्या काकांना तो "साहेब, आधी खाऊन बघा, मग पैशाचं बोलू" म्हणतो. सुरतेच्या बाईंना "बेन, गरम छे" म्हणतो. दिल्लीकडचा कुणी घासाघीस करायला लागला तर हसत हसत हिंदीत त्याला गप्प करतो. कुणी फाटकी नोट दिली तर परत करतो, पण अशी की देणाऱ्याला ओशाळं वाटू नये. समोरच्याचा चेहरा वाचायचा, त्याला सोसेल अशा शब्दांत नाही म्हणायचं आणि आपला भाव सोडायचा नाही, हे सगळं त्याला येतं. पुण्यात यासाठी कार्यशाळा भरतात आणि माणसं पैसे मोजून जातात.

सोमवारी तोच पोरगा वर्गात उभा राहतो तेव्हा मान खाली. "काल अभ्यास का नाही केलास?" या प्रश्नाला तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरतो. प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंद होते: 'अबोल आहे. संभाषणात सहभाग घेत नाही.'

रविवारच्या संध्याकाळपासून सोमवारच्या सकाळपर्यंत त्याची जीभ गेली कुठे? मी या मावळ तालुक्यात बरीच वर्षं मास्तरकी केली आहे, तेव्हा हा प्रश्न दुसऱ्यावर ढकलायची सोय मला नाही. अशा नोंदी मीही लिहिल्या आहेत. माझ्या 'का'ला त्याच्याकडे खरं उत्तर होतं: काल दिवसभर मी कणसं विकत होतो, घरी यायला रात्रीचे नऊ वाजले. ते उत्तर त्यानं दिलं असतं तर मी काय म्हटलं असतं? "उलट बोलतोस?" हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे समोरच्याचा चेहरा वाचण्यात तो सोमवारीही चुकला नव्हता.

आपल्या घरांत संस्कार म्हणून जे काही शिकवलं जातं त्यातला मोठा हिस्सा गप्प बसण्याचा आहे. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. वडिलांना का विचारू नये. मुलीनं मोठ्यानं हसू नये, सुनेनं बैठकीत यायचं ते चहाचा ट्रे घेऊन. पाहुणे आले की पोराला पुढे ढकलायचं, "म्हण रे ती कविता!" आणि पाहुण्यानं "बाळा, तुला कोणता विषय आवडतो?" असं विचारलं की त्यानं तोंड उघडण्याआधी आईनंच उत्तर द्यायचं, "त्याला गणित फार आवडतं हो." पोरगा आईकडे बघतो. आपल्याला काय आवडतं हे त्याला आत्ताच कळलेलं असतं.

शाळेत याचंच मोठं रूप दिसतं. टिळक पुण्यतिथीला वक्तृत्व स्पर्धा. भाषण बाबांनी लिहिलेलं, नाहीतर मोबाइलवरून उतरवलेलं, आठ दिवस घोकलेलं. 'व्यासपीठावर उपस्थित मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' इथून सुरू होतं आणि हात कुठे उचलायचा तेही ठरलेलं असतं. मध्येच एक ओळ विसरली की पोरगी हुंदके द्यायला लागते, कारण पुढचं तिच्या मनात नव्हतंच, कागदावर होतं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीनं 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती चालवणाऱ्या सभेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. त्या काळी जाहीरपणे चार माणसांसमोर उभं राहून विचार मांडणं हीच केवढी हिंमत होती! तिला उत्तेजन हवंच होतं. पण त्यानंतर दीडशे वर्षांत दोन माणसांनी एकमेकांशी नीट बोलावं म्हणून एखादी संवादोत्तेजक सभा काढावी असं आपल्या कुणाच्या मनात आलं नाही. भाषण करणारे भरपूर झाले. समोर बसलेल्यांनी प्रश्न विचारला तर 'वेळेअभावी' म्हणून अध्यक्ष आभार प्रदर्शनाकडे वळतात.

आमच्या तळेगावात विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं. राष्ट्रीय शिक्षण देणारी शाळा. 1910 मध्ये इंग्रज सरकारनं ती बंद पाडली. इथली पोरं उद्या आपल्याला जाब विचारतील अशी धास्ती सरकारला एका शाळेची वाटावी, याहून मोठं प्रशस्तिपत्र शाळेला कोणतं? आजच्या आमच्या शाळांपैकी एखादी बंद पाडावी असं कुठल्या सरकारच्या मनात आलंच, तर ते पट कमी झाला म्हणून. भीतीपोटी नक्कीच नाही.

ही गप्प बसवलेली पोरं मोठी होतात. मग काय होतं ते बघायला मावळासारखी जागा नाही. नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळ, कुठेही जा. रस्त्यालगतच्या जमिनी गेल्या. काहींनी राजीखुशीनं विकल्या, चांगले पैसेही मिळाले, ते मी नाकारत नाही. पण कितीतरी जणांनी कागद वाचून घेतला नाही, कारण वाचून दाखवा म्हणायची लाज वाटली. 'एवढा मोठा माणूस गाडीतून उतरून आपल्या ओट्यावर बसला, त्याला कसं विचारायचं?' भिडस्तपणा, दुसरं काही नाही. ज्या शेतात बापानं इंद्रायणी तांदूळ लावला तिथे आता तरणतलाव आहे आणि मुलगा फाटकाशी पहारेकरी आहे. सातबाऱ्यावरचं नाव गेलं ते एक वाक्य घशात अडकलं म्हणून. 'साहेब, हे काय लिहिलंय ते परत एकदा सांगा.' एवढंच.

चौकाचौकात मात्र फ्लेक्स आहेत. 'आम्ही मावळे'.

ग्रामसभेचं तेच. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या. कायद्यानं गावच्या कारभाराचा जाब विचारण्याचा हक्क मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला दिला आहे आणि ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायला सांगितलं आहे. प्रत्यक्षात काय होतं? कोरम भरत नाही, तहकूब होते, मग रजिस्टर घरोघर फिरतं आणि न झालेल्या चर्चेखाली सह्या पडतात. 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. सरपंचबाई खुर्चीवर बसतात आणि बोलतात शेजारी बसलेले सरपंचपती. लहानपणी पाहुण्यांसमोर आईनं उत्तर दिलं, आता नवरा देतो. साखळी कुठेच तुटलेली नाही.

गप्प बसलेलं गाव कायम गप्प राहतं असंही नाही. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं, तेव्हा नदी कोरडी पडली तर आमच्या शेतीचं काय, हा शेतकऱ्यांचा साधा प्रश्न होता. त्याचं उत्तर कुणी समोर बसून, पटेपर्यंत दिलं नाही. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर लोक उतरले, गोळीबार झाला आणि तीन माणसं गेली, त्यात एक बाई. ऐकण्याचं काम ज्यांचं होतं त्यांना ते कधी शिकवलंच गेलं नव्हतं. अधिकारीसुद्धा याच शाळांतून शिकून आलेले असतात. तिथे उत्तम मार्क मिळवलेले असतात एवढाच फरक.

आता पावसाळ्याच्या गर्दीकडे पुन्हा वळू. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानं कोसळला, चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. दोन्ही वेळी दोष कुणाचा यावर आठवडाभर कल्लोळ झाला. प्रशासनाचा दोष होताच, त्यातून त्याला सूट नाही. पण मला त्या फलकाचं नवल वाटतं. आपण माणसाशी बोलायचं टाळून फलक लावतो, आणि फलक वाचणाऱ्याला त्या शब्दांमागे कुणी माणूस आपल्याला कळवळून सांगतोय असं वाटत नाही. कुण्या गावकऱ्यानं "दादा, पुढे जाऊ नका, पाणी वाढतंय" म्हटलं तर त्याला काय ऐकायला मिळतं हे आमच्या गावातल्या पोरांना विचारा. "तू कोण सांगणार? तुझ्या बापाचं धरण आहे का?" दोनचार वेळा हे ऐकलेला माणूस तिसऱ्या वर्षी कुणाला अडवायला जात नाही. तो भजी तळतो. ज्यानं असं उत्तर दिलं तो बहुधा एखाद्या चांगल्या शाळेत शिकलेला असतो आणि त्याच्या सीव्हीत 'संवादकौशल्य: उत्तम' असं लिहिलेलं असतं.

या सगळ्यांच्या तळाशी जे आहेत त्यांच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. कातकरी वाडीवरचं पोर पहिलीत येतं तेव्हा त्याच्या घरची बोली वेगळी, पुस्तकाची वेगळी. त्याच्या पहिल्याच वाक्याला वर्ग हसतो, कधी गुरुजीही हसतात. मग ते दुसरं वाक्य बोलत नाही आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातं. तिथे बापानं उचल घेतलेली असते. किती फिटली, किती उरली, हे विचारायचं नसतं. वेठबिगारी कायद्यानं 1976 मध्ये संपली. भट्टीच्या मालकापुढे हिशेब मागण्याची भाषा मात्र त्या बापाला कुणीच दिली नाही, आणि पोराकडे होती तेवढी आपण हसून काढून घेतली.

आणि दुसरं एक मूल. ते डोळ्याला डोळा देत नाही, तुम्ही विचारलेलाच प्रश्न परत म्हणतं, ठरलेली वाट बदलली की रडून ओरडून घर डोक्यावर घेतं. स्वमग्नतेला 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत जागा आहे. गावात त्याला जागा आहे ती 'येडं' या शब्दात. आईला सांगितलं जातं, अंगारा लाव, बाहेरचं बघ, तूच लाडावून ठेवलंस. आंदर मावळातल्या एखाद्या वाडीवरून पुण्याला वाचा-उपचारांसाठी जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते आणि वर एसटीचं भाडं. खरं तर अशा मुलाबरोबर जे करायला सांगतात ते काही अवघड नाही. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला. प्रश्न विचारलात की मनात दहापर्यंत मोजा, लगेच दुसरा विचारू नका. शब्द नसेल तर चित्र दाखवा, बोट दाखवू द्या. दुकानात रोज त्याच वेळी न्या आणि पैसे त्याच्या हातानं द्यायला लावा. हे वाचून तुम्हाला जाणवलं असेल की असं कुणी आपल्याशी बोललं असतं तर आपलंही बरं झालं असतं. त्या मुलाला बोलायला शिकवण्यासाठी आधी आपल्याला थांबायला शिकावं लागतं, आणि तेच आपल्याला जमत नाही.

मुलांना असं थांबून बोलतं करायचं काम कुणी केलंच नाही असं नाही. ताराबाई मोडक शहरातलं स्थिरस्थावर काम सोडून 1945 मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर गेल्या, पुढे दोघींनी कोसबाडला आदिवासी मुलांत काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा वस्तीच्या अंगणात नेली. पोरं गुरं राखायला जातात तर कुरणात शाळा भरवली. मुलाच्या बोलीत, मुलाच्या गोष्टींवर आधी गप्पा, पाटी नंतर. आजच्या अंगणवाडीचं नाव त्या अंगणातून आलं आहे. आमच्या गावच्या अंगणवाडीत जाऊन बघा. सेविकाताई वजनं करते, खिचडी वाढते, आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये आकडे भरते. पोरांशी बोलायला तिच्यापाशी वेळ ठेवला आहे कुणी? आकडा भरला नाही तर नोटीस येते. मूल बोललं नाही तर काहीच येत नाही.

मग तळेगावात, लोणावळ्यात पाट्या दिसतात: 'स्टेज डेअरिंग', 'व्यक्तिमत्त्व विकास', 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. वीस वर्षं ज्याची बोलती बंद केली त्याला तीस दिवसांत फी घेऊन बोलतं करायचं. त्या क्लासवाल्यांवर माझा राग नाही, ते आपला धंदा करतात. राग आपल्यावर आहे. आपल्याला बोलणारी माणसं नकोच आहेत. बोलणारा मुलगा हिशेब मागेल, बोलणारी सून वाटणी विचारेल, बोलणारा मजूर उचलीचा आकडा वहीवर बघायला मागेल. म्हणून आपण त्यांना कविता म्हणायला लावतो, भाषण करायला लावतो, आणि त्यांच्या टाळ्याही आपणच वाजवतो.

मास्तर म्हणून माझ्याकडून उशिरा झालेली एकच गोष्ट सांगतो, मोठेपणा म्हणून नाही. शेवटची काही वर्षं मी वर्गातला पहिला तास प्रश्नांचा ठेवला. नियम एवढाच की प्रश्न मुलं विचारतील, मलाही विचारतील, आणि 'मला माहीत नाही' म्हणायला कुणी लाजायचं नाही, मीसुद्धा. पहिले पंधरा दिवस कुणी तोंड उघडलं नाही. सोळाव्या दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, तुम्ही रोज उशिरा येता, मग आम्हालाच का उभं करता?" वर्ग गार पडला. मलाही घाम फुटला. उत्तर द्यायला मला दहापर्यंत मोजावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी पावणेअकराला शाळेत होतो.

येत्या 2 ऑक्टोबरला गावात ग्रामसभा आहे. आठवीतल्या मुलीला बरोबर घेऊन जा. तिला मत नसेल, डोळे-कान आहेत. आणि तुम्ही उठून एक प्रश्न विचारा, उत्तर येईपर्यंत खाली बसू नका.