एक बाई, दोन खिडक्या

कुष्ठरोगाचं निर्मूलन झालं, असं आपल्या देशानं २००५ सालच्या अखेरीस मानलं. दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होता. आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आहेत. त्यांत बायका आहेत, आणि पुरुष कर्मचाऱ्याला अंगावरचा चट्टा दाखवायला नको म्हणून त्या उशिराच दवाखान्यात पोचतात. या बायकांना हिपॅटायटिस बी, म्हणजे ब प्रकारची कावीळ, आहे की नाही हे मी जाते त्या दवाखान्यांत विचारलंही जात नाही. माझं भांडण त्याबद्दल आहे.

या दोन आजारांची गाठ जुनी आहे. बरूक ब्लूमबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली फिलिपिन्समधल्या सेबू इथल्या कुष्ठरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' नावाचा घटक जास्त जंतू असलेल्या रुग्णांच्या रक्तात अधिक आढळला होता. तो हिपॅटायटिस बीच्याच विषाणूचा भाग, हे नंतर कळलं. पुढच्या सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. पण वर्षानुवर्षं एकत्र कोंडलेली माणसं, न उकळलेल्या सुया आणि एकाच पात्यानं खरवडलेल्या टाचा एवढं डोळ्यासमोर आणलं तरी धोका कुठून आला ते समजतं. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. शरीराबाहेर तो किमान सात दिवस तग धरतो.

आता बाईचं पाहू. बहुविध औषधोपचारानं कुष्ठरोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो. पण उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही 'रिअ‍ॅक्शन' येऊ शकते. नसा सुजतात, गाठी येतात, ताप भरतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हा धोका वाढतो. नसा वाचवायला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बारा आठवडे, कधी कित्येक महिने द्यावं लागतं. ते द्यायलाच हवं. पण स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, आणि यकृतात निपचित पडलेला हिपॅटायटिस बीचा विषाणू उसळू शकतो. यकृत निकामी होऊन माणूस दगावूही शकतो. म्हणूनच दीर्घकाळ स्टेरॉइड देण्याआधी ही तपासणी करावी, असं आजचं वैद्यकशास्त्र सांगतं. विषाणू सापडला तर गरजेप्रमाणे टेनोफोविरसारखी रोजची गोळी देऊन तो आटोक्यात ठेवता येतो. डॅप्सोन आणि रिफाम्पिसिन या कुष्ठरोगाच्या औषधांचाही यकृताला त्रास होऊ शकतो, हे वेगळंच.

आमच्या कामातल्या एका बाईंचे डोळे पिवळे झाले तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं आणि स्टेरॉइड चालू होतं. कुष्ठरोगाच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "काविळीचं आमच्याकडे नाही." दुसऱ्या खिडकीवर केसपेपर पाहून म्हणाले, "तुमचा विभाग वेगळा." मग सासूनं कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं सगळ्या गोळ्या बंद करायला लावल्या. रक्त तपासलं गेलं ते अकराव्या दिवशी. बाई वाचल्या, पण औषध मध्येच तुटल्यानं डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली. आता त्यांना भाकरी थापता येत नाही, आणि घरात त्याचाही दोष त्यांनाच.

सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. म्हणजे पैसा आहे, गोळी आहे. बाईला एका खिडकीवरून दुसरीकडे नेण्याची जबाबदारी तेवढी कुणाची नाही!

एक डॉक्टर मला म्हणाले, "आधीच कुष्ठरोगाचा शिक्का, त्यावर आणखी एक कशाला?" हा कळवळा मला मान्य नाही. शिक्का बसतो तो बातमी फुटल्यानं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण संसदेनं २०१९ साली कायद्यांतून काढून टाकलं, पण घराघरातले निवाडे अजून जुन्याच कायद्यानं होतात. म्हणून तपासणी बाईच्या संमतीनं व्हावी, निकाल तिलाच सांगावा आणि नवऱ्याचंही रक्त तपासावं. एका ताटात जेवल्यानं हिपॅटायटिस बी होत नाही आणि उपचार सुरू झाल्यावर कुष्ठरोगाचा संसर्ग थांबतो, हे घरच्यांना समजावणं दवाखान्याचं काम आहे. बाईला अंधारात ठेवून तिची अब्रू राखली जात नाही.

दुसरा मुद्दा जखमा धुणाऱ्या हातांचा. वसाहतीत आणि घरात पट्ट्या बदलतात त्या बहुतेक बायको, सून, मुलगी. देशभर बालकांच्या नियमित लसीकरणात ही लस २०११ साली आली, त्यामुळे आजच्या बहुतेक प्रौढ बायकांना ती मिळालेली नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांना लस देण्याची तरतूद या कार्यक्रमात आहे. मग तेच काम बिनपगारी करणाऱ्या बाईला का नाही?

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. स्टेरॉइड सुरू करण्याआधी प्रत्येक कुष्ठबाधिताची हिपॅटायटिस बीची तपासणी करा, पण नसा वाचवणारा उपचार त्यासाठी अडवून ठेवू नका. लागण नसलेल्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लसीचे तिन्ही डोस द्या. प्रत्येक गरोदर कुष्ठबाधित बाईची तपासणी आणि बाळाला २४ तासांच्या आत लस, यात चूक होता कामा नये. पायाच्या जखमांसाठी प्रत्येकाला स्वतंत्र पातं द्या.

मैत्रिणींनो, आपापल्या जिल्हा रुग्णालयात जा आणि मागच्या वर्षी स्टेरॉइड दिलेल्या किती बायकांची ही तपासणी झाली ते लेखी विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.