नव्या मोटारीचे दोन रंग

नवी वस्तु घरांत आली कीं तिची पूजा आधीं व्हावी आणि परीक्षा मागाहून, ही आपल्या कुटुंबांची जुनी रीत आहे. भांडींकुंडीं, कापडचोपड यांच्या बाबतींत ती फारशी बाधत नाहीं. परंतु कित्येक लाख रुपये मोजून घेतलेल्या मोटारीच्या बाबतींत हा क्रम उलटा करणेंच शहाणपणाचें होय. असें म्हणण्यास निमित्त झालें तें आमच्या बोरी अरबांतील एका एकत्र कुटुंबाचें. त्यांनीं यंदां मोत्यासारख्या पांढऱ्या रंगाची नवी मोटार घेतली. हार, नारळ, कुंकवाचें स्वस्तिक, सर्व यथासांग झालें. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या उन्हांत धाकट्या सूनबाईंच्या लक्षांत आलें कीं, पुढचा बंपर बाकीच्या अंगाहून किंचित् पिवळट दिसत आहे.

विक्रेत्यास विचारलें, तेव्हां "सगळ्याच गाड्या अशा असतात," असें उत्तर मिळालें. घरांतील वडील मंडळींस तें पटलें. "जाऊं द्या, आनंदाच्या गोष्टीला गालबोट कशाला?" असें थोरले म्हणाले. त्यावर सूनबाईंनीं नम्रपणें विचारलें, "मामंजी, सगळ्याच अशा असतात, तर दुकानांत शेजारीं उभ्या असलेल्या गाडीचा बंपर असा कां नव्हता?" गाडीच्या कर्जाचा हप्ता तिच्याच पगारांतून जावयाचा होता, हें येथें सांगितलें पाहिजे, मात्र तिनें स्वतः तें बोलून दाखविलें नाहीं. पुढें हा वाद माझ्याकडे आला. मी मोटारींतला जाणता आहें म्हणून नव्हे, तर वाद मास्तरांकडे नेण्याची गांवाला संवय आहे म्हणून.

प्रथम विक्रेत्याच्या उत्तरांत सत्याचा अंश किती, तें पाहूं. मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांतून निघणारी जुनी फियाट ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस आठवेल कीं तिचा बंपर पोलादी असून त्यावर क्रोमियमचा चकचकीत मुलामा असे. त्या काळीं बंपरचा रंग अंगाशीं जुळतो कीं नाहीं, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. अमेरिकेंत फोर्ड साहेबांनीं तर 1914 पासून 1925 पर्यंत आपली प्रसिद्ध मॉडेल टी गाडी एका काळ्या रंगांतच विकून तंटा मुळांतच मिटविला होता. आतां मोटारीचें अंग पोलादाचें आणि बंपर पॉलिप्रॉपिलीन नांवाच्या प्लास्टिकचा, अशी जोडी झाली आहे. पोलादी अंगास रंग दिल्यावर तें सुमारें 140 अंश उष्णतेच्या भट्टींत भाजतात. तेवढ्या आंचेंत प्लास्टिक वांकडें होईल. म्हणून बंपर निराळ्या ठिकाणीं, पुष्कळदां निराळ्या कारखान्यांत रंगवून 80 अंशांच्या आसपासच भाजतात. त्याचा रंगही अंमळ लवचिक ठेवावा लागतो. नाहीं तर बंपर वांकतांच त्यास तडे जातील. शिवाय विजेच्या आकर्षणानें रंगाचे कण जसे धातूवर जाऊन बसतात, तसे ते प्लास्टिकवर आपण होऊन बसत नाहींत; त्याकरितां आधीं विजेस वाट देणारा लेप द्यावा लागतो. अशा दोन वाटांनीं आलेले दोन रंग शेवटीं एका गाडीवर भेटतात. ते अगदीं एकरूप होणें हेंच खरें कौशल्य.

चांदीसारख्या व मोत्यासारख्या रंगांत आणखी एक अडचण असते. त्यांत ॲल्युमिनियमचे किंवा अभ्रकाचे अतिशय सूक्ष्म पापुद्रे मिसळलेले असतात. ते जसे आडवे किंवा तिरपे बसतील, तसा प्रकाश परततो. म्हणून एकच रंग समोरून उजळ आणि बाजूनें काळसर दिसतो. बॉनेट आकाशाकडे तोंड करून असतें आणि बंपर रस्त्याकडे. तेव्हां थोडा भेद केवळ स्थानामुळेंही भासतो.

मनुष्याचा डोळाही या कामीं सर्वस्वीं विश्वासार्ह साक्षीदार नव्हे. पॅरिस येथील गोबेलिन्सच्या प्रसिद्ध विणकामशाळेंत शेव्हरल नांवाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळा रंग फिका उतरतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. शोधाअंतीं त्यांस आढळलें कीं, दोष रंगाचा नसून शेजारच्या रंगाचा आहे. या विषयावरील त्यांचा मोठा ग्रंथ 1839 मध्यें प्रसिद्ध झाला. जास्वंदीच्या फुलाशेजारीं ठेवलेला स्फटिक तांबडा दिसतो, हा आपल्या शास्त्रकारांचा आवडता दृष्टान्तही हेंच बजावतो कीं, दिसतें तें सर्व त्या वस्तूचेंच असतें असें नाहीं.

दुसरी गोष्ट आपल्या घरांतील स्त्रियांस पूर्वापार ठाऊक आहे. लुगड्यास खण जुळवावयाचा झाला कीं त्या दुकानाच्या दिव्याखालीं निर्णय करीत नाहींत. दोन्ही वस्तु पायरीवर, उजेडांत आणून पाहतात. दिव्याखालीं जुळलेले दोन रंग उन्हांत फटकून वागतात, कारण ते निरनिराळ्या द्रव्यांचे बनलेले असतात. लोंकरीचे गुंडे एकाच घाणीचे घ्यावेत, हेंही विणकाम करणारीस कोणी शिकवावें लागत नाहीं. झगझगीत दिव्यांच्या दालनांत गाडी ताब्यांत घेणाऱ्या पुरुषमंडळींनीं हें ज्ञान आपल्याच माजघरांतून घ्यावयास हरकत नव्हती.

तर्कसंग्रहांत अन्नंभट्टानें रूपाचे सात प्रकार सांगितले असून त्यांतील सातवा 'चित्र' म्हणजे अनेकरंगी आहे. वस्तु एक आहे, तर तिचें रूपही एकच असलें पाहिजे. म्हणून अनेक रंग मिळून होणारें तें एक निराळें रूप मानावें, असा त्यामागील युक्तिवाद. विक्रेत्यास हें ठाऊक असतें, तर त्यानें ही गाडी चित्ररूपाची म्हणून खपविली असती!

विनोद बाजूस ठेवूं. मुख्य प्रश्न रंगाचा नाहींच. बंपर कारखान्यांतूनच असा आला, कीं वाटेंत किंवा गोदामांत कोठें घासला जाऊन मागाहून रंगविला गेला, हा खरा प्रश्न आहे. पहिली गोष्ट कारागिरीची उणीव ठरेल. दुसरी लपविली असेल, तर ती सत्याचा अपलाप ठरेल. नवी म्हणून विकलेली वस्तु दुरुस्त केलेली असल्यास तें सांगणें हें विकणाऱ्याचें कर्तव्य आहे.

हा भेद ओळखण्याची रीत अवघड नाहीं. गाडी स्वच्छ धुवून सकाळच्या उजेडांत उभी करावी. पुढचा व मागचा बंपर परस्परांशीं ताडून पाहावेत, आणि त्याच जातीच्या व रंगाच्या दुसऱ्या गाडीशींही ताडावेत. दोन्ही बंपर सारखेच भिन्न असतील, तर दोष बहुधा मूळचा. एकच भिन्न असेल, तर शंकेस जागा आहे. मग दिव्यांच्या कडा, रबरी पट्ट्या आणि आंतील बाजू यांवर रंगाचे तुषार उडाले आहेत काय, स्क्रूच्या माथ्यावर खरवडल्याच्या खुणा आहेत काय, पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आहे काय, हें पाहावें. रंगाची जाडी मोजण्याचें साधें चुंबकीय यंत्र पोलादावर चालतें, प्लास्टिकवर चालत नाहीं. परंतु शेजारचें पोलादी अंगही पुन्हा रंगविलें असल्यास तें येथें उघडें पडतें.

आमच्या गांवच्या गाडींत पुढच्या दिव्याच्या रबरी कडेवर पांढरे तुषार स्पष्ट दिसत होते आणि मागचा बंपर अंगाशीं नीट जुळत होता. सूनबाईंनीं छायाचित्रें काढलीं. मीं पत्राचा मसुदा करून दिला. "हा बंपर आम्हांस देण्यापूर्वीं काढला किंवा रंगविला होता काय, तें लेखी कळवावें," एवढाच एक प्रश्न त्यांत होता. आरोप नाहीं, धमकी नाहीं. आठ दिवसांनीं उत्तर आलें कीं, वाहतुकींत ओरखडा आल्यामुळें तो रंगविला होता, बदलून देऊं. आणि त्यांनीं तो बदलून दिला.

असें सर्वत्र होईल असें नाहीं, म्हणून कायदाही ठाऊक असावा. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलांत आला. ग्राहक जेथें राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे त्यास तक्रार करतां येते. म्हणजे गाडी नागपुरास घेतली, तरी आपल्याकडील माणसास यवतमाळास दाद मागतां येईल. मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे. मात्र प्रतिपक्ष नीट ओळखावा. गोव्यांतील एका ग्राहकास 2011 मध्यें नवी म्हणून जी गाडी दिली गेली, ती 2009 मध्यें तयार झालेली व 622 किलोमीटर धांवलेली निघाली. तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. विक्रेत्याच्या कृत्यांत कारखानदाराचा हात होता किंवा त्यास त्याची माहिती होती, असें सिद्ध झाल्याखेरीज कारखानदारास जबाबदार धरतां येणार नाहीं, असा निर्णय फेब्रुवारी 2021 मध्यें झाला. म्हणून ताबापत्रावर सही करण्यापूर्वींच दिसलेला दोष त्यावर लिहून ठेवावा, आणि उत्तर हातीं येईपर्यंत दुसऱ्या रंगाऱ्याचा हात गाडीस लागूं देऊं नये. नाहीं तर पुरावाच पुसला जाईल.

आतां एकत्र कुटुंबांकरितां दोन शब्द. आपल्या घरांत धाकट्यांनीं दोष दाखविला कीं तो वडिलांच्या निवडीचा अधिक्षेप वाटतो, आणि सर्वजण समजूतदारपणाच्या नांवाखालीं गप्प बसतात. हें मौन घराच्या प्रतिष्ठेकरितां आहे असें आपण मानतों. प्रत्यक्षांत त्याचा लाभ परक्या दुकानदारास होतो. वडिलांचा मान त्यांचें म्हणणें कोणी तपासूं नये यांत नाहीं; तपासून पाहा, असें त्यांनींच सांगावें यांत आहे. आमच्या गांवच्या त्या थोरल्यांनीं, आनंदानें सांगावेंसें वाटतें कीं, पत्रावर पहिली सही स्वतः केली आणि दुसरी सूनबाईंस करावयास सांगितली. दिवाळीच्या सुमारास अनेक घरीं नवीं वाहनें येतील. तीं अवश्य यावींत. मात्र हार घालण्यापूर्वीं घरांतील सर्वांत तीक्ष्ण डोळ्यांच्या माणसास एक प्रदक्षिणा घालूं द्यावी, मग तें माणूस वयानें कितीही लहान असो.