मलेरियाची वाटणी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कॉलेजात मलेरियावर गटप्रकल्प मिळाला की वाटणी झटपट होते: एकाकडे डास, दुसऱ्याकडे औषधं, तिसऱ्याकडे मुखपृष्ठ. अक्षर चांगलं म्हणून लिहिणं बहुधा एखाद्या मुलीच्याच गळ्यात!

वाटणीला हरकत नाही. मलेरियाशी लढाई वाटूनच चालते. आशाताई बोट टोचून थेंबभर रक्त किटवर टाकते, वीसेक मिनिटांत निकाल. काचपट्टी प्रयोगशाळेत जाते, फवारणीवाले घराच्या भिंतींवर औषध मारतात. पण किटवर मलेरियाचा फाल्सिपेरम हा घातक प्रकार निघाला, तर ते पुढच्या प्रत्येकाला कळावं लागतं.

प्रकल्पात नेमकं हेच होत नाही. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडचा, घरात हिवताप पाहिलेला मुलगा निमूटपणे टायपिंग करत बसतो. डास वाढतात त्या जंगलातल्या नाल्यांची माहिती त्यालाच विचारायला हवी.

तोंडी परीक्षेत डासवाल्याला औषधं विचारा, औषधवाल्याला डास. गुण त्यावरच द्या.